नाटकातलं पद पडद्यावर गेलं की काय पाहायचं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. वडिलांनी तरुणपणी ‘कट्यार काळजात घुसली’ हे नाटक पाहिलं होतं. तुम्ही २०१५चा चित्रपट पाहिलात आणि तो तुम्हाला मनापासून आवडला. वडील म्हणतात, त्यात नाटकातलं काही उरलं नाही. तुम्ही म्हणता, माध्यमच वेगळं आहे, तुलना करूच नये. घरात हा वाद मिटत नाही, म्हणून दोन्हीकडे काम केलेली माणसं असा चित्रपट कशावर तोलतात, हे तुम्हाला हवंय.

मी तीसेक वर्षं संगीत नाटकांना ऑर्गनची साथ केली आणि अधूनमधून चित्रपटांच्या ध्वनिमुद्रणात वाजवलं. म्हणजे माझा कान रंगमंचावर घडलेला आहे, हे आधीच सांगून ठेवतो. तरीही तुलना करू नये हे मला पटत नाही. चित्रपटाने नाटकाचं नाव घेतलं, पदं घेतली, त्या पदांवर जीव टाकणारा प्रेक्षक घेतला. मग तुलना होणारच आणि व्हायलाही हवी. फक्त ती कशाची करायची, तिथे गडबड होते.

बहुतेक जण पदं मोजतात. अमुक गाळलं, तमुकचं एकच कडवं घेतलं, चाल बदलली, मध्येच कव्वाली कुठून आली. मी ती यादी करत नाही. मी प्रत्येक पदाबद्दल एवढंच विचारतो, की नाटकात हे पद काय काम करत होतं आणि चित्रपटात ते काम आता कोण करतंय?

‘या भवनातील गीत पुराणे’ घ्या. खाँसाहेब आफताब हुसेन बरेलीवाले राजगायक झालेत. त्यांचे प्रतिस्पर्धी पंडित भानुशंकर यांची हवेली आता त्यांची आहे. इथले जुने, मऊ, हळवे सूर आता बाहेर जाऊ द्यात, असं ते पदातून म्हणतात. हे नुसतं गाणं म्हणून ऐकलं तरी सुरेखच आहे. पण रंगमंचावर ते गाणं म्हणजे घराचा ताबा घेणं आहे. एक माणूस आपल्या गळ्याने दुसऱ्याचं घर रिकामं करतोय. संवाद लिहून हे सांगायचं तर पान दीड पान लागलं असतं, तरी ती मग्रुरी आणि तिच्याखाली दबलेली वर्षानुवर्षांची हार एकदम कानावर पडली नसती. नाटककार पुरुषोत्तम दारव्हेकरांनी हे पद सजावट म्हणून घातलेलं नाही, ती त्या प्रवेशातली घटना आहे. असं पद चित्रपटातून काढलं तर माझी तक्रार नाही, पण हवेलीचा ताबा घेतला गेल्याचं मला दुसऱ्या कशातून तरी तितक्याच जोराने जाणवायला हवं.

‘घेई छंद मकरंद’चं काम आणखी बारीक आहे. शब्द तेच, घराणी दोन. पंडितजींच्या वळणाचं धानी रागातलं, शांत, शब्दाला सांभाळून जाणारं. खाँसाहेबांचं सालगवराळी रागातलं, तिरकं, आक्रमक, तानेवर तान घेणारं. नाटकाचे संगीतकार जितेंद्र अभिषेकीबुवांनी दोन चाली बांधल्या म्हणजे दोन माणसंच उभी केली. ज्याला रागाचं नावही माहीत नाही, त्यालासुद्धा पाच मिनिटांत कळतं की भांडण कशावरून आहे आणि दोघेही किती मोठे आहेत. चित्रपटात हे पद शंकर महादेवन आणि राहुल देशपांडे यांच्या गळ्यांतून येतं, आणि माझ्या मते ते काम तिथेही होतं. दोन स्वभाव ऐकू येतात. तुमच्या वडिलांना हे पद पुन्हा, यादी बाजूला ठेवून ऐकवा.

आता नाटकात असलेली आणि चित्रपटाला काही केल्या न मिळणारी एक गोष्ट सांगतो. ती एका प्रयोगाच्या आधाराने सांगतो, कारण नुसतं ‘जिवंतपणा’ म्हटलं की काहीच कळत नाही.

एका तालुक्याच्या गावी उघड्या मैदानात प्रयोग होता. दव पडायला लागलं होतं. मुख्य गायकनटाचा गळा दुसऱ्या अंकात बसायला लागला. तो नेहमी काळी एक या पट्टीत गायचा. पुढच्या प्रवेशात त्याचं सगळ्यात मोठं पद होतं. संवाद चालू असताना तो पाठमोरा झाला आणि शेल्याआडून मला बोट खाली करून दाखवलं. म्हणजे अर्धा सूर उतर. मी तबलजीकडे पाहिलं, त्याने मान हलवली, हातोडीने दोन ठोके मारून तबला उतरवायला घेतला. प्रेक्षकांना वाटलं, नेहमीसारखा तबला मिळवतोय. पद अर्धा सूर खालच्या सफेद एकमध्ये सुरू झालं. तार षड्जाला, म्हणजे वरच्या ‘सा’ला जाताना मी हात थोडा धरून ठेवला, कारण तो पोचतो की नाही हे मला कळत नव्हतं. पहिल्या खेपेला तो अलीकडेच थांबला. मैदानात एक माणूस खोकला नाही. दुसऱ्या खेपेला त्याने वेगळ्याच वाटेने, खालून वळसा घेऊन तो सूर धरला. नंतर जे झालं ते मी आजवर विसरलेलो नाही. वन्समोअर आला आणि त्याने हात जोडून नाही म्हटलं.

त्या रात्री त्या पात्राची स्पर्धा खरी होती. नाटकातला गवई जिंकतो की हरतो हे संहितेत लिहिलेलं असलं, तरी त्याचा सूर लागतो की नाही हे लिहिलेलं नसतं. गवयांवरच्या नाटकात तर हे दोन पदर एकमेकांत गुंफले जातात. १९६७मध्ये नाट्यसंपदा या संस्थेच्या या नाटकात वसंतराव देशपांडे खाँसाहेब म्हणून उभे राहायचे, तेव्हा प्रेक्षकासमोर दोन माणसं एकाच वेळी पणाला लागलेली असायची, एक पात्र आणि एक गवई. वडील ‘काही उरलं नाही’ म्हणतात तेव्हा त्यांना बहुधा हेच म्हणायचं असतं. ते बरोबर आहेत. पण ही चित्रपटाची चूक नाही. पडद्यावरचा सूर लागलेलाच असतो, नाही तर तो टेक ठेवलाच नसता.

आमच्या धंद्याच्या भाषेत सांगतो. रंगमंचावर साथीदार गायकाच्या मागे जातो. त्याने जागा लांबवली की मी लांबवतो, त्याने श्वास घेतला की मी थांबतो. स्टुडिओत गायक हेडफोनमधल्या टिकटिकीच्या मागे जातो. आणि चित्रीकरणात नट त्या तयार ट्रॅकच्या मागे जातो. कोण कोणाच्या मागे जातंय, यावर गाण्याचा सगळा पोत ठरतो. एकदा मी एका ध्वनिमुद्रणात एका तानेचे पाच टेक झालेले पाहिले. पाचातले चांगले चांगले तुकडे जोडले. तान निर्दोष झाली, पण तुकडे जोडताना मधला श्वास कापला गेला. घरी जाऊन ऐकलं तर ती तान माणसाची वाटेना. कुणाला कारण सांगता आलं नसतं, पण ‘छान आहे’ म्हणून सगळे पुढच्या गाण्याकडे वळले असते.

म्हणून अशा चित्रपटात मी गाताना दिसणाऱ्या नटाचे ओठ पाहत नाही. ओठ हल्ली सगळ्यांचेच जुळतात. मी श्वास पाहतो. सूर यायच्या आधी छाती भरते, गळ्याची शीर ताणते, हनुवटी किंचित खाली येते. हे आधी दिसायला हवं आणि सूर नंतर ऐकू यायला हवा. जो नट नेमक्या मात्रेवर तोंड उघडतो पण आधी श्वास घेत नाही, तो कितीही चांगला अभिनय करत असला तरी तिथे माझ्यासाठी गवई संपतो. ‘कट्यार’च्या चित्रपटात ही कसोटी लावून पाहण्यासारखी आहे, कारण तिथे तीन मोठे गवई आहेत आणि त्यांची मांडणी वेगवेगळी आहे. खाँसाहेबांचा चेहरा सचिन पिळगांवकरांचा, गळा राहुल देशपांड्यांचा. पंडितजींचा शिष्य सदाशिव, त्याचा चेहरा सुबोध भाव्यांचा, गळा महेश काळ्यांचा. पंडितजी मात्र सबंध एकच माणूस आहे, शंकर महादेवन. ते पेशाने नट नाहीत, संवादांत ते कळतंही. पण गायला लागले की पडद्यावर चेहरा आणि गळा जोडल्याची शिवण कुठेही दिसत नाही. खांदे, मान, हात सगळं सुराच्या आधी तयार होतं. सचिनजींच्या बाबतीत सांगायचं तर बहुतेक ठिकाणी मला शिवण जाणवली नाही, कारण त्या नटाला सुराची जाण आहे आणि मिजास कुठे धरायची हे ठाऊक आहे. काही द्रुत तानांच्या जागी जाणवली. तिथे चेहरा तानेच्या मागून धावतो.

गळ्यांची निवड हा मात्र या चित्रपटाचा सगळ्यात शहाणा निर्णय होता. राहुल देशपांडे वसंतरावांचे नातू, महेश काळे अभिषेकीबुवांचे शिष्य. आणि चित्रपटाच्या आधी त्याचे दिग्दर्शक सुबोध भावे यांनी हेच नाटक रंगमंचावर नव्याने उभं केलं, तेव्हा हेच दोघे खाँसाहेब आणि सदाशिव म्हणून स्वतः उभे राहून गात होते. म्हणजे पडद्यावर आलेला आवाज थेट स्टुडिओत जन्मलेला नाही. तो आधी प्रेक्षकांसमोर पणाला लागून आलेला आहे. ‘सुरत पिया की’च्या जुगलबंदीत ते ऐकू येतं. दोघे एकमेकांच्या जागा ओळखतात, एकाने सोडलेली जागा दुसरा कुठून उचलेल याचा अंदाज दोघांना आहे. टिकटिकीच्या मागे जाणारं गाणं असं होत नाही.

पण मग नाटकातला तो पणाला लागण्याचा भाग चित्रपट कशाने भरून काढतो? त्याच्याकडे एकच मोठं हत्यार आहे, ऐकणाऱ्याचा चेहरा. नाट्यगृहात पंधराव्या रांगेतून मला गाणारा दिसतो. ऐकणारं पात्र रंगमंचाच्या कोपऱ्यात उभं असतं, त्याचे डोळे मला दिसत नाहीत. कॅमेरा ते डोळे माझ्यापुढे आणून ठेवतो. पंडितजींचा सूर ऐकताना खाँसाहेबांना आधी गवई म्हणून आनंद होतो आणि पाठोपाठ प्रतिस्पर्धी म्हणून तोच आनंद बोचतो. हे दोन्ही एका चेहऱ्यावर, एका क्षणात दाखवता येतं आणि तेही एक शब्द न बोलता. संगीत नाटकावरून केलेला चित्रपट पाहताना माझी सगळ्यात मोठी कसोटी हीच असते. गाणं चालू असताना कट कुणावर जातो? तो झुंबरावर, नक्षीच्या खांबांवर, वरून फिरणाऱ्या क्रेनवर जात असेल, तर दिग्दर्शकाला गाण्यावर भरवसा नाही असं मी समजतो. ऐकणाऱ्यावर जात असेल आणि तिथे थांबत असेल, तर नाटकाने जे गमावलं होतं ते चित्रपट कमावतोय. या चित्रपटात दोन्ही सापडतं. दरबारातल्या काही जागा मला भपक्यात बुडालेल्या वाटल्या. पण दोन गवयांची मैत्री आणि तिला लागलेली कीड, हा भाग जिथे चेहऱ्यांवर सोडलाय तिथे तो चित्रपट नाटकाच्या पुढे जातो. हे मी, नाटकवाला, म्हणतोय.

चित्रपटात कट्यारच गोष्ट सांगते, तिच्या तोंडी घातलेलं ते निवेदन मला नको होतं. रीमा लागूंच्या आवाजाबद्दल मला काही म्हणायचं नाही, तो आवाज कुठेही ऐकावा असाच होता. पण संगीत नाटकात जे सुरावर सोडलेलं असतं ते आधीच शब्दांत सांगून टाकलं की पदाचं काम हलकं होतं. पद घटना न राहता झालेल्या घटनेचं चित्र होतं.

नव्या गाण्यांबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण वडील त्यावर नक्की बोलत असतील. इथेही मी काम पाहतो. ‘सूर निरागस हो’ नाटकात नव्हतं. पण संगीत नाटकाची सुरुवात नांदीने होते. किर्लोस्करांच्या १८८०च्या ‘शाकुंतला’पासूनची ती प्रथा आहे. सगळे मिळून देवाला नमन करतात, प्रेक्षक खुर्चीत स्थिरावतो आणि आता गाण्याच्या जगात शिरायचंय हे त्याला कळतं. चित्रपटात नांदी तशीच उभी केली असती तर ती संग्रहालयात ठेवल्यासारखी दिसली असती. हे नवं गाणं नांदीचं काम करतं, म्हणून ते मला परकं वाटत नाही. ‘अरुणि किरणी’ही नवंच. त्यासाठी महेश काळे यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. सदाशिवची तालीम आणि त्याची ताकद त्यातून उभी राहते. ते गाणं काढलं तर पुढच्या सामन्याला पाया राहत नाही. कव्वालीचं मात्र मला तितकं पटलं नाही. ऐकायला ती झकास आहे, पण ती काढली तर कथेतला एकही खांब हलत नाही.

हीच कसोटी दुसऱ्या नाटकाला लावताना एक काळजी घ्या. ‘कट्यार’ची पात्रं गवई आहेत. ती गातात यात पडद्यावर काहीच अवघडल्यासारखं होत नाही. १९११चं ‘मानापमान’ घ्या. त्यातला धैर्यधर सेनापती आहे, भामिनी श्रीमंताची मुलगी. ती गातात कारण ते संगीत नाटक आहे, दुसरं कारण नाही. रंगमंचावर हा करार पहिल्या पदाला होऊन जातो, नाटककार खाडिलकरांच्या प्रेक्षकाला तो समजावून सांगावा लागत नव्हता. कॅमेऱ्यासमोर, खऱ्या दगडी भिंतीपुढे, सेनापती मध्येच गायला लागला की तोच करार पुन्हा नव्याने करावा लागतो. भाव्यांनीच २०२५मध्ये त्यावर चित्रपट केला. त्याला ‘कट्यार’च्या मापाने मोजलं तर अन्याय होईल, कारण त्याच्यापुढचं काम मुळात जास्त अवघड होतं.

आपल्याकडेच हे होतं असं समजू नका. ‘माय फेअर लेडी’ हे संगीत नाटक १९५६मध्ये न्यूयॉर्कच्या ब्रॉडवेवर आलं तेव्हा नायिका एलायझा ज्युली अँड्र्यूजनी केली, स्वतः गाऊन. १९६४च्या चित्रपटात ऑड्री हेपबर्न आल्या आणि त्यांची बहुतेक गाणी मार्नी निक्सन यांच्या गळ्यातून आली. चेहरा एक, गळा एक, आपल्यासारखंच. पण त्याच चित्रपटात नायक झालेल्या रेक्स हॅरिसननी तयार ट्रॅकवर ओठ हलवायला नकार दिला. ते पद गाताना अर्धं बोलायचे आणि दोनदा सारखं कधीच म्हणायचे नाहीत. शेवटी टायखाली बिनतारी माइक लपवून त्यांचं गाणं जागेवरच मुद्रित केलं. चित्रपट पुन्हा पाहिलात तर दोघांमधला फरक ऐका. हॅरिसनच्या गाण्यात विचार आधी येतो आणि सूर त्याच्यामागून. २०१२च्या ‘ले मिझराब्ल’मध्ये तर जवळजवळ सगळ्याच नटांना चित्रीकरणातच गायला लावलं. कानात बारीक यंत्र, त्यातून पियानोची साथ, आणि पियानोवाला नटाच्या मागे जाणारा. वाद्यमेळ नंतर चढवला. साथीदार म्हणून मला ती पद्धत फार जवळची वाटली. पण तिथे गाणारा चेहरा इतक्या जवळून आणि इतका वेळ दाखवलाय की ऐकणाऱ्याला जागाच उरत नाही. श्वास खरा मिळाला, पण तो कुणापर्यंत पोचला हे अनेकदा दिसलं नाही.

एक गोष्ट वडिलांना जपून विचारा. ते ज्या ‘मूळ’ गाण्याशी चित्रपटाची तुलना करतात, ते त्यांनी नाट्यगृहात ऐकलेलं आहे की रेडिओवर, रेकॉर्डवर, पुढे कॅसेटवर? मला भेटलेल्या कितीतरी रसिकांनी नाटक एकदाच पाहिलेलं असतं आणि ध्वनिमुद्रिका शेकडो वेळा ऐकलेली असते. मनात पक्कं बसलेलं असतं ते ध्वनिमुद्रण. तेही स्टुडिओतलंच, मिनिटांच्या मापात बसवलेलं. प्रयोगात वसंतराव तेच पद कधी दहा मिनिटं गात, कधी त्याहून जास्त, आणि कालचं आज करत नसत. म्हणजे ‘चाल बदलली’, ‘जागा बदलल्या’ ही तक्रार करताना आपण नाटकाची बाजू घेतोय असं वाटतं, पण बाजू एका रेकॉर्डची घेतलेली असते. नाटकाच्या बाजूने बोलायचं तर जागा बदलायलाच हव्यात.

घरी करून पाहण्यासारखं एवढंच सुचवतो. चित्रपटातलं एक पद निवडा आणि दोघे मिळून ते दोनदा अनुभवा. पहिल्यांदा डोळे मिटून, फक्त ऐका. श्वास ऐकू येतो का, गायक लयीवर स्वार आहे की लय त्याला ओढतेय, एवढ्याकडे लक्ष ठेवा. दुसऱ्यांदा आवाज पूर्ण बंद करून फक्त चित्र पाहा. काय घडलं हे नुसत्या चेहऱ्यांवरून कळलं तर त्या पदाचं काम चित्रपटाने खरंच अंगावर घेतलंय. कोणतं पद निवडायचं ते वडिलांनाच ठरवू द्या. त्यांनी पाहिलेल्या प्रयोगात वन्समोअर कशाला मिळाला होता ते विचारा. नाटकाची तारीख विसरली असेल, नाट्यगृहही विसरलं असेल, पण हे त्यांना आठवत असणार. तेच पद लावा.